हजर दिवस

"राग मानू नका, पण तुमचा भाचा वाया चाललाय," खडकीचे काका म्हणाले. चहाचा कागदी कप चुरगाळून त्यांनी खिशात टाकला. मैदानात कचरा पडलेला त्यांना खपत नाही. "दोन वर्षांपूर्वी हेच पोरगं लाइनीवरून असं सुटायचं, की समोरचा बॅक नुसता बघत राहायचा. आता बॉल आला की आधी मागे वळून बघतं."

मार्चमधला रविवार, फुटबॉलच्या मॅचचा हाफटाइम. साडेनऊलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. सिमेंटच्या पायऱ्यांवर आम्ही नेहमीचे सात-आठ जण बसलो होतो. पलीकडे गोलपोस्टमागच्या सावलीत पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन पसरली होती. त्यांतच माझा भाचा, गुडघ्याखाली पट्टा बांधलेला, मान खाली घालून बुटाची लेस सोडून परत बांधत होता. आमचं बोलणं तिथवर पोचत नसावं, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

काकांना माझ्या ऑफिसातल्या मित्राने लगेच दुजोरा दिला. हा आर्सेनलवाला, म्हणजे त्या इंग्लिश क्लबचा चाहता. शनिवारी रात्री मॅच बघत जागतो आणि रविवारी डोळे चोळत मैदानावर येतो. "सतरा म्हणजे काही लहान वय नाही. स्पेनच्या लामिन यमालने फ्रान्सला गोल मारला तेव्हा त्याला सतरा पूर्ण व्हायलाही चार दिवस बाकी होते. युरोची सेमीफायनल होती ती! आणि आपण इथे काय म्हणत बसतो? पोर आहे, शिकेल हळूहळू. अशा लाडानेच आपल्याकडे कुणी शिकत नाही."

"यमालच्या पायाखाली काय असतं आणि ह्याच्या पायाखाली काय, ते बघ आधी," खालच्या पायरीवरून एक माजी गोलकीपर म्हणाला आणि त्याने बुटाने धूळ उडवून दाखवली.

मग जुंपली. कुणी म्हणालं अकरावीच्या क्लासने पोराची वाट लावली. कुणी कोचवर घसरलं: कडेने चाल करणाऱ्या चांगल्या विंगरला मागे बचावात ओढून लेफ्ट बॅक केला, आता दुसरं काय होणार? कुणी मोबाइलचा विषय काढला, कुणी खाण्यापिण्याचा. दोघंतिघं मात्र भाच्याच्या बाजूने हिरीरीने भांडत होते, आणि गंमत अशी की त्यांतल्या एकाने त्याला या वर्षात खेळताना पाहिलंच नव्हतं.

मी गप्प होतो. मला राग आला नव्हता. त्या पायऱ्यांवर जे जे बोललं जात होतं, ते सगळं मी कुणा ना कुणाबद्दल आधीच बोलून बसलो होतो.

'वाया गेला' हे आपण किती सहज म्हणतो. दूध वाया गेलं, पैसे वाया गेले, पोरगं वाया गेलं. दूध किती होतं ते पातेल्यावरून कळतं, पैसे किती होते ते पासबुकात असतं. पोरात काय होतं आणि किती होतं, हे कुणी कधी मोजून ठेवलेलं असतं? तरी आपण हिशेब मिटवून टाकतो.

बालेवाडीला एफसी पुणे सिटी हा क्लब खेळत होता तेव्हा, 2014 ते 2019, घरची मॅच मी सहसा चुकवत नसे. घसा बसेपर्यंत ओरडायचो. मलप्पुरमहून पुण्याच्या अकादमीत आलेला आशिक कुरुनियन आमच्या डोळ्यांसमोर मोठा झाला. 2016 मध्ये तो स्पेनला व्हियारियाल क्लबकडे गेला तेव्हा आमच्यात दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, हा आता परत येत नाही. दुसऱ्याचं, तीन महिन्यांत परत पाठवतील आणि मग संपलाच. मी दुसऱ्या तटात होतो. तो परत आला, पुण्याकडून खेळला, 2018 मध्ये भारताकडून खेळला, आणि 6 जानेवारी 2019 ला अबुधाबीत एशियन कपमध्ये आपण थायलंडला 4-1 हरवलं त्या संघात होता. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर सगळे नाचत होते. मीही नाचलो, पण त्याच्याबद्दल मी काय काय म्हणालो होतो ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. पुढे तो बंगळूरला गेला आणि तिथे त्यालाही विंगवरून काढून लेफ्ट बॅकला खेळवलं गेलं. हे मात्र त्या रविवारी पायऱ्यांवर कुणाला आठवलं नाही.

त्याच्या आधीचं, 2017 चं. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. फिफाच्या स्पर्धेत भारत पहिल्यांदाच उतरला होता. संघात आपला अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत तयार झालेला. पहिली मॅच अमेरिकेशी. दोन गोलांनी मागे असताना अन्वर अलीचा फटका क्रॉसबारवर आदळला, आणि तिथून परतलेल्या बॉलवर अमेरिकेने धावत जाऊन तिसरा गोल केला. चार बोटं खालून गेला असता तर 2-1, नाही गेला तर 0-3. आणि त्या चार बोटांवर आमच्या हॉलमध्ये, पोहे खात, एकवीस पोरांचं भविष्य रात्रीतून ठरवून झालं. तीन दिवसांनी आपल्या जिक्सनने कोलंबियाविरुद्ध हेडरने गोल मारला तेव्हा तेच भविष्य उलटं ठरवलं. घानाने चार गोल मारल्यावर पुन्हा सुलटं. अन्वरच्या हृदयात पुढे 2019 मध्ये दोष निघाला, त्याला खेळायला बंदी झाली, तो कोर्टात गेला, परत मैदानात आला आणि भारताच्या बचावाचा खांब झाला. ह्यातलं काय काय त्या रात्री पोह्यांच्या ताटलीत दिसत होतं? अनिकेतही 2019 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावाला जाऊन आला. त्या क्लबची मालकी 2010 पासून पुण्याच्याच वेंकीजकडे आहे, म्हणून आम्हाला तो जरा जास्तच घरचा वाटायचा. आणि घरच्या मुलाला माणूस जास्त टोचून बोलतो.

टोचून बोलण्याचं खरं शिक्षण मला मिळालं ते माझ्या स्कूटरवर.

माझी बहीण नर्स आहे. रविवारची ड्यूटी तिला बहुतेक असतेच. म्हणून भाच्याला मैदानावर नेणं-आणणं पहिल्यापासून माझ्याकडे. तो बारा-तेरा वर्षांचा असताना मॅच संपली की खडकीहून कोथरूडपर्यंत मी बोलत असायचो. तो मागे बसलेला, किट-बॅग दोघांच्या मध्ये. अर्धा तास. त्या वेळी क्रॉस का नाही टाकलास? तिथे ड्रिबल कशाला? एकटा सुटला होतास आणि बॉल घालवलास. सगळं प्रेमाने हं, आवाज चढवून कधीच नाही. हेल्मेटमधून मागून "हो मामा", "हो मामा" ऐकू यायचं. विद्यापीठाच्या चौकात सिग्नलला थांबलो की मी मान वळवून हाताने पोझिशन दाखवायचो. आपण पोराला घडवतोय, असं मला मनापासून वाटत होतं.

चार-पाच महिन्यांत त्याचा खेळ स्वच्छ झाला. बॉल जाईना. पास चुकेना. मी खूश. घरी बहिणीला सांगितलं, पोरगं सुधारतंय. एका मॅचनंतर कोचने मला बाजूला बोलावलं. कोच माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मैदानावर मी त्याला सरच म्हणतो. तो म्हणाला, "दादा, घरी जाताना तुम्ही त्याच्याशी काय बोलता?"

मी सांगितलं.

"आज त्याने चाळीस पास दिले असतील. पुढे किती दिले?"

मी आठवून बघितलं. एक आठवला. कदाचित दोन.

"आडवा पास दिला तर तुम्ही कधी ओरडत नाही," कोच म्हणाला. "त्याला कळलंय ते."

बस, एवढंच बोलला आणि सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला गेला. मी स्कूटरपाशी येऊन उभा राहिलो. भाचा हेल्मेट घालून तयारच होता; हनुवटीखालचा पट्टाही त्याने लावून ठेवला होता. बोलणी खायची तयारी करून बसलेल्या मुलाचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इतके रविवार तो माझ्या पाठीमागे होता, म्हणून दिसला नव्हता.

मी त्याला चुका करू नकोस असं एकदाही म्हटलं नव्हतं. पण तो तेच शिकला होता. आडव्या पासाला शेरा नाही, पुढच्या पासाला शेरा आहे. मग शहाणं पोरगं काय करेल? त्यानंतर स्कूटरवर मी मॅचबद्दल बोलायचं सोडलं. सोपं नव्हतं ते. पहिले काही आठवडे आम्ही दोघंही विद्यापीठाच्या चौकापर्यंत मुके असायचो. मग हळूहळू तो शाळेतलं बोलायला लागला, आणि मैदानावर पुढे बघायला लागला. काका म्हणतात ते 'लाइनीवरून सुटणं' त्याच्यानंतरचं आहे.

आणि मग तो वाढला.

बहिणीच्या स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलच्या रेघा आहेत. दर जूनला शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याला दाराला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारायची, ही आमच्या आईची पद्धत. रेघा तीन-चार बोटांच्या अंतराने वर चढत जातात. 2024 ची रेघ आणि 2025 ची रेघ यांच्यामध्ये मात्र मोठी मोकळी जागा आहे. मी टेपने मोजलं, अकरा सेंटीमीटर. नोव्हेंबरचा जन्म, त्यामुळे वयोगटात तो कायमच धाकटा. फुटबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी वय 1 जानेवारीपासून धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला पोरगा त्याच्याच गटात असून दहा महिन्यांनी थोरला. जगभरच्या ज्युनिअर संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं जास्त का भरतात, त्याचं कारण हेच. त्यातून ह्याचं अंग उशिरा सुटलं. आधी पाय लांब होतात, धड मागून येतं. पोराचा मेंदू अजून जुन्या पायांच्या हिशेबाने बॉलकडे पाऊल टाकतो आणि पाऊल दोन बोटं पुढे पडतं. जो बॉल झोपेत थांबवायचा, तो नडगीला लागून बाहेर जायला लागला.

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर, सुपारीएवढा टेंगूळ आला. डॉक्टरांनी सांगितलं, हाड भराभर वाढतं, स्नायू मागे राहतो, आणि वाटीखालचा स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतो तिथे ओढ बसते. वाढत्या वयातल्या धावणाऱ्या काही मुलांना हे होतं, वाढ थांबली की दुखणं बहुधा जाईल. रात्री तो टीव्हीसमोर बसायचा तेव्हा बहीण फडक्यात बर्फ बांधून त्यावर धरायची. एकदा त्याने मला विचारलं, "मामा, माझा टच गेला का?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दारावरच्या रेघा दाखवल्या. तो त्यांच्याकडे खूप वेळ बघत बसला.

हे सगळं मी त्या रविवारी पायऱ्यांवर सांगू शकलो असतो. थोडंसं सांगितलंही. मित्राने ऐकून घेतलं आणि तरी मान हलवली, आणि त्याचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. तो म्हणाला, "कारणं खरी आहेत. पण कारणं सांगत बसलो की पोरं कारणांतच राहतात. आमच्या आर्सेनलच्या बुकायो साकाने 2021 च्या युरो फायनलला इंग्लंडची पेनल्टी घालवली. एकोणीस वर्षांचा. लोकांनी रंगावरून घाण घाण लिहिलं, ती टीका नव्हेच. पण तो तिथेच थांबला नाही. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडविरुद्ध तो परत पेनल्टीला उभा राहिला आणि मारली. लाड करून हे होत नाही."

बरोबर आहे. लाड मलाही नको आहेत. बारा वर्षांच्या मुलाने तीन जणांना चकवलं की आपल्याकडे त्याचा व्हिडिओ गल्लीभर फिरतो, आणि डाव्या पायाने साधा पास येत नाही हे त्याला कुणी सांगत नाही. तेही त्याचं नुकसानच. पण यमालच्याच बार्सिलोना क्लबात बोयान क्रकिच सतराव्या वर्षी पहिल्या संघात आला, पुढचा मेस्सी म्हणून. 2008 मध्ये स्पेनकडून पहिली मॅच खेळायच्या वेळी त्याला भीतीचा झटका आला, आणि बाहेर सांगितलं गेलं की पोट बिघडलंय. त्या उन्हाळ्यात तो युरोला गेला नाही. खरं काय ते त्याने स्वतः सांगितलं तेव्हा वर्षं उलटून गेली होती. तिथल्याच पेद्रीला अठराव्या वर्षी एका मोसमात सत्तरहून जास्त मॅच खेळवल्या आणि मग त्याच्या मांडीचे स्नायू पुन्हा पुन्हा दुखावले. अशा वेळी बाहेर बसून 'प्रगती थांबली' म्हणणाऱ्याला त्या पोटाचं आणि त्या मांडीचं काय माहीत असतं?

प्रगती. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याची एक ओळ असायची. 'हुशार आहे, पण चंचल', असं माझ्या पुस्तकात तीन वर्षं ओळीने लिहिलेलं आहे. पण त्याच पानावर आणखी दोन रकाने असायचे: कामाचे दिवस आणि हजर दिवस. घरी सगळे गुण बघायचे, शेरा वाचायचे. ते दोन रकाने कुणी वाचत नसे. मला आता वाटतं, त्यातला हजर दिवसांचा रकाना शेरा लिहिणाऱ्यासाठीही हवा. तू किती दिवस हजर होतास?

सुनील छेत्रीने जून 2018 मध्ये हेच मागितलं होतं. अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध आपण पाच गोल केले आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं. त्याने हात जोडून व्हिडिओ टाकला: टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात येऊन घाला. 4 जूनला केनियाशी मॅच, त्याची शंभरावी. सोमवार होता. मी रजा टाकली, नऊ वर्षांच्या भाच्याला घेतलं आणि बोरिवलीच्या गाडीत बसलो. पाऊस कोसळत होता, स्टेडियम गच्च भरलेलं. 3-0 जिंकलो, दोन गोल छेत्रीचे. पावसात भिजलेल्या त्या पोराने मला विचारलं होतं, "मामा, हे सगळे रोज का येत नाहीत?"

पुण्यातून मोठा क्लब 2019 मध्ये गेला तो गेलाच. तेव्हापासून आम्ही रात्री लांबच्या देशांतली पोरं बघतो आणि सकाळी, वेळ झाला तर, आपली. लांबच्या पोरांना तोलायची सवय लागली की जवळच्यांनाही आपण त्याच काट्यावर टाकतो. तिथे मिनिटामिनिटाचे आकडे मिळतात. इथे डोळे सोडले तर काही नाही.

आणि खडकीच्या काकांचे डोळे चुकत नाहीत. अॅम्युनिशन फॅक्टरीच्या संघातून खेळलेला माणूस. निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली. पाऊस असो, लग्नसराई असो, रविवारी ते पायरीवर असतातच. म्हणून 'वाया चाललाय' हे त्यांच्या तोंडून आलं तेव्हा मी विचारलं, "काका, नक्की काय दिसतं तुम्हाला?"

ते उठलेच. मित्राची पाण्याची बाटली घेऊन त्यांनी जमिनीवर आडवी ठेवली. "हा बॉल. मागून आला. हा आपला पोरगा." पायात चपला, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. आधी ते बाटलीकडे छाती सरळ करून उभे राहिले. "हे असं घेतो तो. खांदा बंद. आता पुढचं मैदान त्याच्या पाठीमागे. दिसतच नाही, मग बिचारा मागेच देणार ना?" मग त्यांनी उजवा पाय मागे नेला, कंबर वळवली, खांदा उघडला आणि डाव्या चपलेच्या आतल्या कडेने बाटली हलकेच पुढे सारली. "हे असं. अर्धं वळून. पूर्वी विंगला होता तेव्हा लाइन पाठीशी असायची, वळायची गरज नव्हती. बॅकला आलाय, आता वळावं लागतं. पाय लांब झालेत, वळायला वेळ लागतो. घाबरतो. दुसरं काही नाही."

म्हणजे त्यांच्या 'वाया चाललाय'च्या पोटात एवढं सगळं होतं. फक्त विचारावं लागलं.

मॅच संपल्यावर त्यांनी ते त्याला कुंपणापाशी पुन्हा करून दाखवलं. मी लांबच थांबलो. भाचा एकदा करून बघत होता, काका त्याचा खांदा धरून मागे ओढत होते, तो परत करून बघत होता. धुळीत त्यांच्या चपलेचे आणि ह्याच्या स्टडचे गोल गोल ठसे उमटले होते. जाताना स्कूटरवर मी काही विचारलं नाही. विद्यापीठाच्या चौकात तोच म्हणाला, "काकांचा डावा पाय भारी आहे, मामा."

पुढचा रविवार. पहिल्या पाच मिनिटांतच मागून बॉल आला, त्याने खांदा उघडला, उजवा पाय मागे नेला आणि बॉल पायाखालून निसटून थेट समोरच्या विंगरकडे गेला. गोल होता होता वाचला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच केलं, पुन्हा गेला. कोच लाइनीवरून काही बोलला नाही. हाफटाइमच्या आधी आणखी दोनदा. एकदा मात्र बॉल वळला, आणि क्षणभर अख्खं मैदान त्याच्यासमोर उघडं होतं. त्याने पुढे पास दिला, तो लांब पडून बाहेर गेला.

माझा मित्र बोटं मोजत होता. "बघा काका. तीनदा घालवला. तीनदा!"

काकांनी मैदानावरची नजर काढली नाही. "चारदा," ते म्हणाले. "पहिल्यांदा गेला तेव्हा तू आला नव्हतास."